न विचारलेलं माहेर

माझी मोटारसायकल दारात थांबलेली कुणालाच आवडत नसे. त्यात गाडीचा काही दोष नव्हता, दोष माझ्या नोकरीचा. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ. सेवापुस्तकात असं लिहिलेलं, गावात मात्र मी 'चट्टेवाले साहेब'. हिंगोली जिल्ह्यातली गावं, तांडे, आश्रमशाळा, आठवडी बाजार सगळीकडे फिरायचं आणि माणसांच्या कातडीवर फिकट चट्टा दिसतो का ते पाहायचं, एवढंच काम. पण आमची गाडी ज्या दारात उभी, त्या दारात सोयरिक येत नाही अशी लोकांची पक्की समजूत. एकदा एका वधूपित्याने लग्नाच्या आदल्या दिवशी मला हात जोडले. "साहेब, जेवायला या, पण गाडी मारुतीच्या पारापाशी लावा आन् ती औषधाची पिशवी घरी ठिऊन या. पाहुणे येऊन राहिलेत." मी पिशवी ठेवून गेलो आणि रागाच्या भरात चार जिलब्या जास्त खाल्ल्या.

काही लोक याच्या अगदी उलट. जवळा बाजारला दर आठवड्याला एक आजोबा मला गाठायचे आणि भर बाजारात सदरा वर करून पाठ दाखवायचे. पाठीवर काहीच नसायचं. "नीट पाहा ना जरा," म्हणायचे. पाच-सहा आठवड्यांनी माझ्या ध्यानात आलं की म्हाताऱ्याला कुणीतरी आपल्याकडे निरखून पाहावं, एवढंच हवं होतं. मग मी रोग्याला लावतो तेवढाच वेळ त्यांच्या पाठीला लावू लागलो.

आमची विद्या फार मोठी नाही. चट्ट्यावर पेनाचं टोक हलकेच टेकवायचं, माणसाने डोळे मिटून तिथे बोट ठेवायचं. बोट चुकलं की संशय. आणखी एक खूण म्हणजे घाम. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर घाम येत नाही, आजूबाजूची कातडी ओली आणि तेवढीच जागा कोरडी राहते. त्यामुळे मला एक खोडच लागली. मे महिन्यात एसटीत बसलो की माझी नजर खिडकीबाहेर नसे, लोकांच्या कपाळावर असे. बायको म्हणायची, "लोकांना वाटतं तुम्ही टक लावून बघता." बघायचोच, काय करणार!

या खोडीमुळेच मला माधव सापडला. त्याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. जवळा बाजारपासून थोडं आत असलेल्या एका गावात शाळा-तपासणीला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी सात वर्षांचा एक मुलगा बाकावर उभा करून ठेवला होता आणि त्याचा सदरा निथळत होता.

"हे पोरगं दिवसातून तीनदा हापशावर जाऊन सदरा भिजवून येतं. मारलं तरी ऐकून राहिलं न्हाई," सर म्हणाले.

पोरं त्याला 'म्हातारबा' म्हणत. डोक्यावर विरळ, भुरकट केस, भुवया जवळजवळ नाहीतच, डोळ्यांखाली सुरकुत्या आणि तोंडात मोजून चार दात, तेही टोकदार. मी विचारलं, "सदरा काहून भिजवतो रे?"

"अंगात जाळ व्हतो, साहेब."

हात लावून पाहिला. सदरा ओला, पण आतली कातडी तव्यासारखी गरम आणि साफ कोरडी. मी सगळीकडे पेन टेकवून पाहिलं, पोराने डोळे मिटून प्रत्येक वेळी बरोबर जागा दाखवली. म्हणजे आमचा रोग नव्हे. आमच्या रजिस्टरच्या हिशेबाने काम तिथेच संपत होतं. 'आपला नाही' म्हणून पुढच्या शाळेला जायचं. मी गेलो नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पण त्याच प्रकरणात मी जो घोळ घातला, तोही इथेच सांगायला हवा, नाहीतर अभिमान फुकटचा होईल.

मी माधवला आणि त्याच्या वडिलांना नांदेडला, मोठ्या दवाखान्याच्या त्वचा विभागात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरबाई तेव्हा तरुण होत्या. त्यांनी पोराला उलटसुलट पाहिलं आणि एक लांबलचक नाव सांगितलं, एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. आईच्या पोटात असतानाच केस, दात आणि घामाच्या ग्रंथी एकाच थरातून तयार होतात. याच्या बाबतीत तो थर नीट घडलाच नाही. अंग थंड करायची सोयच नसल्याने उन्हाळ्यात ताप चढतो आणि तो चढत गेला तर लेकरू दगावतं. औषध काही नाही. पाणी, ओलं कापड आणि सावली हाच उपाय. म्हणजे पोर जे स्वतःच्या अकलेने करत होतं आणि मार खात होतं, तेच बरोबर होतं.

बाईंनी मला एक काम दिलं होतं. "घरी जाऊन नात्यागोत्यात आणखी कुणाला असं आहे का, ते विचारून लिहून आणा." मी गेलो. ओसरीवर माधवचे आजोबा, वडील, दोन चुलते बसले होते. मी कागद काढून विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला असं हाय का?" आजोबांनी पाच पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली. कुणालाच नव्हतं. मी झाडासारखी आकृती काढली. आजा, पणजा, चुलते, चुलत चुलते, सगळ्यांपुढे 'नाही'. माधवची आई राधाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने चहा आणून दिला, मी तो प्यायलो आणि कागदाची घडी केली. नांदेडला डॉक्टरबाईंनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "मग या मुलातच नव्याने सुरू झालेलं असू शकेल." मी पुन्हा त्या गावी गेलो आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "घोर करू नका. हे खानदानी नाही."

हे वाक्य पुढे वीस वर्षं त्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपून ठेवलेलं होतं.

माधव वाढला. मुख्याध्यापकांना मी समजावलं, मग त्याच्या बाकाशेजारी पाण्याची बादली आली. मोठा झाल्यावर त्याने जवळा बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. छोटं दुकान, पण कूलर मोठा. उन्हाळ्यात निम्मा बाजार दुरुस्तीच्या निमित्ताने त्याच्याकडे वारा खायला बसे. दाताच्या डॉक्टरांनी बसवलेल्या कवळीने तो झकास हसायचा. तरी सोयरिक काही येईना. "नवरा साठीचा दिसतो," असं एका मुलीकडच्यांनी तोंडावर सांगितलं होतं. पुढे मी निवृत्त झालो आणि काही महिन्यांतच त्याचा फोन आला, "साहेब, माझी सुपारी फुटून राहिली. तुमाला यायचंच हाय. मामाची पोरगी हाय, कविता."

आमच्या मराठवाड्यात मामाची मुलगी म्हणजे भाच्याचा पहिला हक्क. घर माहीत, माणसं माहीत. मला तर आनंदच झाला. टोपी घालून गेलो, पुढच्या बैठकीत बसलो. माझ्या शेजारी खांद्यावर ओला टॉवेल आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधलेले एक गृहस्थ बसले होते. उकडत होतं, बाकी सगळ्यांच्या बंड्या भिजल्या होत्या. माझी नजर खोडीप्रमाणे त्यांच्या कपाळाकडे गेली. कपाळ कोरडं ठणठणीत. त्यांनी डोकं पुसायला रुमाल सोडला तर खाली चार विरळ केस. हसले तर पूर्ण कवळी.

"हे कोण?" मी माधवच्या चुलत्याला विचारलं.

"विश्वनाथमामा. पोरीचा बाप. आमच्या राधावैनीचा सख्खा भाऊ."

माझ्या हातातला फराळ हातातच राहिला. मधल्या वर्षांत त्याच डॉक्टरबाईंनी आमच्या एका प्रशिक्षणात ही गोष्ट फळ्यावर काढून दाखवली होती. माझ्या कागदावर सगळे 'नाही' होते, म्हणून तेव्हा मी ती माधवला लावून पाहिलीच नव्हती. हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. विहिरीवर दोन मोटारी असल्या आणि त्यातली एक जळाली, तर दुसरी पाणी ओढते. पुरुषाकडे एकच मोटार. म्हणून बाईमध्ये हे दबून राहतं आणि तिच्या मुलांमध्ये उघडं पडतं. असा पुरुष मुलाला वाय देतो, त्यामुळे मुलगा सुटतो. पण मुलीला त्याला त्याचा तो एकुलता एक एक्सच द्यावा लागतो, त्यामुळे मुलगी सुटत नाही.

म्हणजे विश्वनाथमामाची मुलगी कविता हे घेऊनच जन्मली होती. तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी जोखीम. आणि नवराही तसाच असला, तर मुलीही सुटत नाहीत, निम्म्या मुली माधवसारख्याच निपजू शकतात. आणि हे लग्न माझ्या शब्दावर ठरलं होतं. मामाचे केस-दात बघूनही कुणी पुढे विचार केला नव्हता, कारण खानदानी नाही असं चट्टेवाले साहेबच म्हणाले होते.

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. राधाबाई लाडू वळत होत्या. मी विचारलं, "ताई, तुमच्या भावाला हेच आहे. त्या दिवशी का नाही बोललात?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. "तुमी मला इचारलं व्हतं का? तुमी घराणं इचारलं. माहेर कुठं घराण्यात येतं? आन् सासऱ्यासमोर माहेरचं वंगाळ मी काहून सांगू? माधवच्या आधीचं माझं लेकरू तापानं गेलं, तवाच 'हिच्या कुशीत खोट हाय' म्हणले व्हते. आणखी त्याच्यात भर घालू?"

चाळीस वर्षं मी माणसांची कातडी वाचत हिंडलो होतो आणि चहा देणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. ही चूक वडिलांच्या बाजूनेच नात्याची रेघ ओढायची सवय असलेला माणूसच करू शकतो. मी केली.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला विश्वनाथमामांकडे गेलो. ते बर्फाच्या कारखान्यात कामाला. तरुणपणी हळद शिजवायच्या कामावर दोनदा बेशुद्ध पडले, मग स्वतःच अक्कल लढवून बर्फाकडे वळले. मागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकून ते भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

"मला वाटलं व्हतं, माझं माझ्यापाशीच मरणार. माझ्या लेकाला, संतोषला पाहा, नुसता उभा राहिला तरी घामाघूम व्हतो. मी म्हणलं, सुटलो. पोरीचं ध्यानातच आलं न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी पोरीला मीच दिलं व्हय हे, साहेब?"

"तुम्ही मुद्दाम दिलं नाही, मामा."

"पण दिलं तर मीच."

आतल्या दारात कविता उभी होती. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक चणीची. ती पुढे आली आणि तिने वेणीतलं गंगावन ओढून काढलं. हातात उसने केस, पाठीवर बोटाएवढी स्वतःची वेणी. "आन् हे समोरचे दोन दात बी पाहा, टोकदार हायत. मला वाटायचं, बापाला पाहून मीच इचार करते. साहेब, मला नांदेडला न्या. मला पाहायचं हाय."

आम्ही चौघे गेलो, कविता, तिचे वडील, माधव आणि मी. डॉक्टरबाई आता विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी नर्सकडून कविताच्या पाठीवर आयोडीन लावून घेतलं, वर मक्याचं पीठ भुरभुरवलं आणि तिला गरम खोलीत बसवलं. जिथे घाम येतो तिथे पीठ काळं-निळं होतं, जिथे येत नाही तिथे पांढरं राहतं. बाहेर आली तेव्हा तिच्या मोबाइलवर नर्सने काढून दिलेला पाठीचा फोटो होता. तिने तो आधी बापाला दाखवला, मग मला. काळ्या-निळ्या पाठीवर पांढरे पट्टे, कण्यापासून खाली वळत गेलेले. शेतात काही वाफे चालू मोटारीवर आणि काही जळालेल्या मोटारीवर असावेत, तसं. रक्ताची तपासणीही पुढे झाली, तिनेही तेच सांगितलं.

बाईंनी दोघांना समोर बसवून आकडे सांगितले. एकमेकांशी लग्न केलं तर काय, वेगवेगळं केलं तर काय, सगळं. गरोदरपणात तपासणीची सोय आहे, हेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "माझं काम सांगायचं. ठरवायचं तुम्ही."

माझं मात्र ठरलेलं होतं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून मी माधवला म्हणालो, "तू बाहेरची मुलगी केलीस तर तुझे सगळे मुलगे सुटतील. हे लग्न मोडा. चूक माझी आहे, सुपारी मोडल्याचा बोल मी घेतो."

माधवच्या आधी कविता बोलली.

"साहेब, आन् माझं? मी बाहेरचा नवरा केला तर माझी पोरं सुटतील?"

"नाही. मुलगा आईचाच एक्स घेतो. तुझ्या मुलाला निम्मी जोखीम, नवरा कोणी का असेना."

"कोणी बी असला तरी तेवढीच?"

"तेवढीच."

"मंग मला सांगा. परक्या घरी माझं लेकरू चैत्रात तापलं, तर सासरचे काय करतील? गोधडीत गुंडाळतील, अंगारा लावतील आन् माझ्या कुशीत खोट काढतील. आत्याचं पहिलं तसंच गेलं ना? ह्याच्या घरी तापलं, तर हा उचलून सरळ पाण्यात धरील. ह्याला कुणी शिकवायची गरज न्हाई."

मी म्हणालो, "पण मुलगी झाली तर? आणि माधवचे सुटणारे मुलगे?"

"मुलीचं जोखमीचं हाय, कळतंय मला. मघापासून तेच मोजून राहिले व्हते." मग ती माधवकडे वळली. "तुझं नुकसान हाय ह्यात. तुला बाहेरची करायची असंल तर आत्ताच सांग. मी रडणार न्हाई."

माधव म्हणाला, "शाळेत मला समदे म्हातारबा म्हणायचे. दिवाळीला मामाकडं गेलो की ही एकटी नावानं हाक मारायची. मला दुसरी न्हाई करायची, साहेब."

विश्वनाथमामा टॉवेलने डोळे पुसत होते. निदान तिथलं पाणी तरी त्यांना होतं. मी चाळीस वर्षं लोकांना समजावण्याची नोकरी केली, पण त्या लिंबाखाली मी वाद सपशेल हरलो, आणि हरल्याचं वाईट वाटलं नाही.

लग्न मुद्दाम भर थंडीत धरलं. त्याआधी मी राधाबाईंच्या समोर बसून नवा कागद काढला आणि या वेळी रेघ त्यांच्यापासून सुरू केली. त्यांची आई, दोन बहिणी, बहिणींच्या मुली. एका बहिणीच्या सासरच्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, "आमच्या सुनेत खोट काढायला आले," म्हणून. ते दार अजून उघडलेलं नाही, याची रुखरुख आहे. दुसऱ्या बहिणीच्या तीन मुलींनी मात्र नांदेडला जाऊन पाठीवर पीठ लावून घेतलं. आता त्यांना माहीत आहे, मूल झालं तर पहिल्या दिवसापासून काय पाहायचं.

कविताला माघात मुलगा झाला. तपासणीचा निकाल आला. त्याला होतं.

फोनवर माधवने मला सांगितलं तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही. तोच मला म्हणाला, "साहेब, तुमी कायला रडून राहिले? आमाला पहिल्या दिसापासून माहीत हाय."

पहिला उन्हाळा त्या घराने एखाद्या मोहिमेसारखा लढला. राधाबाई दर तासाला थर्मामीटर लावत. मलमलीची झबली पाण्यात भिजवून, पिळून घालायची, वाळली की दुसरी. बाळासाठी दुकानातला मोठा कूलर घरी आला आणि दुकानात माधव स्वतः ओला टॉवेल घेऊन बसला. विश्वनाथमामा एसटीने बर्फाचा डबा आणत, अर्धा वाटेत वितळायचा तरी आणत. वैशाखात एकदा ताप चढला. राधाबाईंना आपलं पहिलं लेकरू दिसू लागलं. माधवने पोर उचललं, गळ्यापर्यंत कोमट पाण्याच्या टबात धरलं आणि पाणी हळूहळू गार करत नेलं. तासाभरात ते पोर पाण्यावर हात आपटून खेळायला लागलं. उन्हाळा सरला आणि पोर तिथेच होतं, चांगलं बाळसं धरून.

पुढच्या थंडीत जावळ काढायचं म्हणून सगळे नरसीच्या देवळात जमले. मंदिराच्या मागे सावलीत सतरंजी पसरली होती. संतोषमामाच्या मांडीवर बाळ बसवलं, संतोषला थंडीतही घाम फुटलेला. न्हाव्याने कात्री काढली आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "बाई, हितं कापू काय? धा-बारा केस हायत." सगळे हसले. जमलेल्या बायकांपैकी एक माधवकडे पाहत म्हणाली, "अगं, अगदी बापावर गेलंय बघ!"

"व्हय व्हय, बापावरच," बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझ्या तोंडावर आलं होतं की बाई, मुलाला हे बापाकडून येतच नाही. पण मी जीभ आवरली. पंचवीस माणसांसमोर ते कुठून आलं हे सांगणं म्हणजे कविताकडे बोट दाखवणं. आमच्याकडे अशी बोटं कुठवर जातात ते मी राधाबाईंच्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं. राधाबाईंनीही माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली.

कविता उठली. भावाच्या मांडीवरून तिने पोराला घेतलं, कडेवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बापावर न्हाई. माझ्यावर गेलंय."